बोअर बघून बंदुकीची लायकी ठरवणं आता बंद करा

आमच्या काकांच्या ठासणीच्या बंदुकीचा बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, किती, या एका प्रश्नावरून २०२४ साली आमच्या घरात जेवढी फोनाफोनी झाली तेवढी त्याआधीच्या दहा वर्षांत कशावरून झाली नसेल. काका सिंधुदुर्गात, कणकवलीच्या आतल्या गावात, आणि मी इथे मुंबईत फौजदारी वकिली करतो. बंदूक आजोबांच्या वेळची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, परत चिंधी, मग टोपी लावायची आणि बार काढायचा. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर दुसऱ्याच्या शेतात पोचलेलं असतं, पण आवाजाने ते पळतं हे खरं आणि तेवढ्यासाठीच ती बंदूक आहे.

लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली, काकांनी केली. पावती मिळाली त्यावर कुणीतरी लिहिलं "१२ बोअर सिंगल बॅरल". परवान्यावर लिहिलंय "ठासणीची एकनळी". जूनमध्ये काका आणायला गेले तर कागद जुळत नाहीत म्हणून बंदूक मिळेना. आता १२ बोअर म्हणजे काय ते आधी सांगतो कारण हा शब्द आपण सगळे वापरतो आणि अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या १२ गोळ्या करायच्या, त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअरची नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणजे १२ हा आकडा गोळ्या मोजून आलाय, नळी मोजून नाही. आणि .४१० बोअर म्हटलं की तिथे मात्र सरळ इंचात माप. आणि .३८ ची रिव्हॉल्वर म्हणतात तिची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते. गावातल्या कारागिराने कधीकाळी बनवलेल्या ठासणीच्या नळीला यातला कुठलाच आकडा लागत नाही. पण फॉर्ममध्ये रकाना आहे ना बोअरचा, तो रिकामा कसा ठेवणार, म्हणून लिहिलं १२.

ज्याने लिहिलं त्या हवालदारावर माझा राग नाही. तो रकाना जिथून आला त्यावर आहे.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालचे नियम आधी १९६२ चे होते, आता २०१६ चे आहेत. कायद्याच्या दुसऱ्या कलमात प्रतिबंधित शस्त्र म्हणजे काय हे दिलंय आणि ते फार स्वच्छ लिहिलंय: चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटतच राहतात असं हत्यार. बंदूक काय करते यावरून केलेली व्याख्या आहे ही. कुणालाही समजते, लॅबमध्ये तपासून हो किंवा नाही सांगता येतं. पण तिथून नियमांच्या पहिल्या शेड्यूलमध्ये उतरलात की गाडी दुसऱ्याच रुळावर जाते. तिथे कॅटेगरी एक मधला एक मोठा भाग काडतुसावरून ठरतो. .३०३ किंवा ७.६२ चं सर्व्हिस, म्हणजे लष्करी, काडतूस ज्यात बसेल ती रायफल, .४१० मस्केटचं काडतूस बसेल ती मस्केट, .३८० नाहीतर .४५५ ची रिमवाली काडतुसं किंवा सर्व्हिसचं ९ एमएम ज्यात बसेल ते पिस्तूल, रिव्हॉल्वर, कार्बाइन. यालाच बाजारात पीबी म्हणतात, प्रोहिबिटेड बोअर, आणि उरलेलं ते एनपीबी. एनपीबीचा परवाना मुंबईत पोलीस कमिशनर देतात, जिल्ह्यात कलेक्टर. पीबी पाहिजे असेल तर केंद्रीय गृहमंत्रालयापर्यंत जावं लागतं.

म्हणजे कायदा विचारतो ही बंदूक काय करते, आणि नियम विचारतात हिच्यात लष्कराची गोळी बसते का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला चिकटवल्यामुळे जे घोळ होतात ते मी कोर्टात रोज बघतो.

हा दुसरा प्रश्न कुठून आला ते बघा. १८५७ नंतर इंग्रजांना झोप नव्हती. १८७८ साली लिटनने शस्त्र कायदा आणला, हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट. मग भीती अशी की लष्करी डेपोतून काडतुसं चोरीला जाणार आणि ती लोकांच्या बंदुकीत बसणार, त्यापेक्षा लोकांकडे लष्कराच्या मापाची बंदूकच नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरच्या शिकारी रायफली इथे बंद केल्या, कारण काय तर जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलींसाठी तो दारूगोळा वापरला जाईल. इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांनी काय केलं, त्यांनी लगेच .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसं काढली, ताकद जवळपास तीच, फक्त आकडा बदलला. बोअरवरची बंदी इतक्या सहज चुकवता येते हे तेव्हाच दिसलं होतं. .३१५ ची रायफल सुद्धा याच भीतीतून रुजली, .३०३ देता येत नाही ना मग थोडं वेगळं माप द्या.

आणि आज ही .३१५ आपल्याच सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची मिळते, आत ली-एनफिल्डची तीच बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रचना), जी पोलिसांच्या थ्री नॉट थ्रीत, म्हणजे .३०३ मध्ये, होती. एकाच आईची दोन लेकरं. एक परवान्यावर विकत मिळतं, दुसरं प्रतिबंधित. .३०-०६ चं उदाहरण तर याच्याही पुढचं आहे. हे काडतूस अमेरिकन लष्कराने १९०६ मध्ये घेतलं, दोन्ही महायुद्धं त्याच्यावर लढले, .३०३ पेक्षा ते ताकदवान आहे, आणि आपल्याकडे ते एनपीबीत, कारण आपल्या लष्कराने ते कधी स्टँडर्ड म्हणून वापरलं नाही. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर ९ एमएमपेक्षा जोरात मारते, ती चालते, ९ एमएम चालत नाही. ज्याच्या छातीत गोळी घुसते त्याला ती लष्कराच्या यादीतली आहे का याने काय फरक पडतो?

ज्या थ्री नॉट थ्रीच्या भीतीने हे सगळं उभं केलं तिची आजची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीला आपल्या पोलिसांकडे लाठ्या आणि त्याच जुन्या रायफली होत्या, समोर एके रायफली. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीला कसाबची रायफल हातांनी धरून ठेवली, हातात फक्त लाठी होती त्यांच्या. हे लिहिताना आजही घसा दाटतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला. ती रायफल सेवेतून जातेय पण तिच्यामुळे पाडलेले कप्पे मात्र शेड्यूलमध्ये तसेच बसलेत.

तुम्ही म्हणाल हे बंदूकवाल्यांचे आणि वकिलांचे काथ्याकूट, आम्हाला काय त्याचं. तर मुंबईकरांना याचं काय हे सांगायला १९९३ पुरेसं आहे. स्फोटांच्या खटल्यात टाडाचं, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याचं, पाचवं कलम लागायचं ते कशावर, तर अधिसूचित भागात या शेड्यूलच्या कॅटेगरी एक किंवा तीन (अ) मधली शस्त्रं आणि दारूगोळा बाळगला तर. तीन (अ) म्हणजे रिव्हॉल्वर आणि पिस्तुलं. म्हणजे .३२ ची छोटी रिव्हॉल्वर काडतुसांसकट बेकायदा सापडली तर टाडा, आणि १२ बोअरची डबल बॅरल सापडली तर त्या कलमात बसतच नाही. परवाना कुणी द्यायचा हे ठरवायला बनवलेला तक्ता, आणि त्याच्यावर माणसाचा जामीन आणि आयुष्य टांगलं. संजय दत्तच्या केसमध्ये १९९४ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाला बसून ठरवावं लागलं की "शस्त्रं आणि दारूगोळा" यातला "आणि" म्हणजे खरंच आणि, दोन्ही पाहिजेत, आणि ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे. पुढे तो टाडातून सुटला, शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवून सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली, एके-५६ आणि ९ एमएम पिस्तुलासाठी. तुमचं त्याच्याबद्दल मत काहीही असू दे, पण कुठला शब्द कुठल्या रकान्यात बसतो यावर केवढं ओझं येतं ते त्या निकालात दिसतं.

आणि आता २०१९ ची दुरुस्ती झाल्यावर ओझं अजून वाढलंय. साधं बिनपरवाना हत्यार असेल तर दोन ते पाच वर्षं. प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा. मधे पूल नाही. आता या आकड्यांसोबत एफआयआरची भाषा वाचा. माझ्याकडे एक केस होती, एफआयआरमध्ये लिहिलं "रिव्हॉल्वर", पंचनाम्यात "ऑटोमॅटिक पिस्तूल", आणि कलिनाच्या एफएसएलचा, म्हणजे सरकारी न्यायवैद्यक लॅबचा, रिपोर्ट आला तर देशी बनावटीचं एका गोळीचं हत्यार. एकच वस्तू, तीन नावं! रिव्हॉल्वरला गोल फिरणारं सिलिंडर असतं, पिस्तुलात मॅगझिन मुठीत जातं, आणि ऑटोमॅटिक म्हणजे चाप धरला की गोळ्या थांबत नाहीत, जे सेमी ऑटोमॅटिकमध्ये होत नाही, तिथे एका दाबाला एकच गोळी. पंचनाम्यात "ऑटोमॅटिक" हा एक शब्द सहज पडला आणि अटकेच्या वेळी सात ते चौदाचं कलम लागलं. लॅबचा रिपोर्ट यायला जे महिने गेले ते त्या पोराने आर्थर रोडला काढले. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाहीये, हत्यार त्याच्याकडेच सापडलं होतं. पण दोन वर्षांच्या गुन्ह्याला चौदा वर्षांच्या गुन्ह्याचा जामीन मागावा लागला. उलटही होतं, खरंच गंभीर हत्यार असतं आणि नावांचा असा गोंधळ असतो की आम्ही बचावाचे वकील उभे राहून विचारतो, पंचांनी बघितली ती वस्तू कुठली आणि लॅबला गेली ती कुठली, आणि आरोपी सुटतो. बचाव म्हणून ते माझं कामच आहे, पण या शहरात राहणारा माणूस म्हणून मला ते बरं वाटत नाही.

७.६५ एमएम आणि ७.६२ एमएम, एका आकड्याचा फरक. ७.६५ ब्राउनिंग म्हणजेच .३२ एसीपी, परवान्यावर मिळणारं पिस्तुलाचं काडतूस. ७.६२ म्हणजे लष्करी रायफलीचं, आणि त्यातही लष्कराच्या एसएलआर रायफलीचं ७.६२ वेगळं, एकेचं वेगळं, लांबीच वेगळी, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. टायपिंगमध्ये पाचाचा दोन झाला की काय होईल विचार करा. आणि न्यूज चॅनेल तर बघवत नाहीत, बाबा सिद्दिकींच्या खुनानंतर "९.९ एमएम पिस्तूल" असं बातम्यांत फिरत होतं, असं काडतूस वापरातल्या पिस्तुलांत नाहीच, कुणाला तरी विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

सगळ्यात जास्त चीड मला गावठी कट्ट्याची येते. मुंबई ठाण्याच्या रोजच्या बातम्या वाचा, गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त, हे वाक्य पाठ झालंय आपल्याला. माल येतो कुठून, मध्य प्रदेशच्या सीमेवर जळगावच्या चोपड्याला लागून उमर्टी, तिकडे बिहारचं मुंगेर, ही नावं पोलिसांना आणि क्राइम रिपोर्टरांना तोंडपाठ आहेत. पण शेड्यूलमध्ये कट्टा म्हणून स्वतःचा कप्पा नाही. नळीत .३१५ चं काडतूस बसतं का १२ बोअरचं हे बघायचं आणि कागदावर फॅक्टरी मेड बंदुकीसारखंच माप लिहून टाकायचं. अरे पण फॅक्टरीतली बंदूक प्रूफ टेस्ट होऊन येते, जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवून नळी टिकते का बघतात, तिच्यावर नंबर असतो, ती कुणाला विकली याची नोंद असते. कट्ट्याला यातलं काही नाही. रायफलीचं काडतूस घेऊन ते लोखंडी पाइपातून उडवायचं, नळी फुटली तर धरणाऱ्याचा हात जाणार. आणि बनवणाऱ्याला २०१९ नंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ती तरतूद चांगलीच आहे, पण ज्याच्या कंबरेला सापडतो तो एकटा आत जातो आणि माल बनवणाऱ्यापर्यंत तपास किती केसमध्ये पोचतो? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कामावरून वर्गीकरण करता येतं, करूनही दाखवलंय आपणच. एअरगन बघा. पूर्वी लाकडी फळीवर छर्रा मारून बघायची पद्धत होती, २०१६ च्या नियमांनी सरळ ऊर्जा मोजली, २० ज्यूलच्या आत आणि .१७७ च्या आत असेल तर परवाना नको. वरळीच्या रायफल रेंजवर दहा मीटरला जी पोरं पोरी रोज एअर रायफल मारतात त्यांना हा नियम कळतो, त्यांच्या पालकांना कळतो, दुकानदाराला कळतो. आपला स्वप्निल कुसाळे, कोल्हापूरच्या कांबळवाडीचा, पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेऊन आला तो .२२ वर, आणि त्या .२२ ला रायफल क्लबच्या सभासदांसाठी शस्त्र कायद्यातच संख्येच्या मर्यादेतून सवलत ठेवलीय, कारण ती रायफल काय कामाची आहे हे कायदा करणाऱ्यांनी बघितलं. धारदार हत्यारांचंही तसंच, नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पातं, पण घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. त्यात कोयत्याची अडचण होते हे मान्य, उसाचा कोयता कुठे संपतो आणि गँगचा कुठे सुरू होतो हे पातं मोजून कळत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

माझे एक पोलीस खात्यातून निवृत्त झालेले स्नेही आहेत, त्यांना हे सगळं बोललो तर म्हणाले, वकीलसाहेब, बोअरची बंदी उठवलीत तर डेपोतून चोरलेली गोळी उद्या दुकानातल्या बंदुकीत बसेल, मग शोधणार कशी? मुद्दा चुकीचा नाही, मी दोन दिवस त्याच्यावर विचार केला. पण सर्व्हिस काडतुसाच्या बुडावर शिक्का असतो, फॅक्टरी आणि साल कळतं, सापडलं की माग काढता येतो. आणि पोलिसांचं किंवा लष्कराचं हत्यार हिसकावलं तर २०१९ पासून दहा वर्षं ते जन्मठेप असं वेगळं कलमच आहे. सरकारी दारूगोळा बाळगणं हा वेगळा, कडक गुन्हा ठेवा, माझी काहीच हरकत नाही. फक्त त्यासाठी सगळ्या बंदुकांची वर्गवारी लष्कराच्या मापाभोवती फिरवू नका.

आणि दुसरीकडून जे लोक म्हणतात की १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, तो आम्हाला द्या, त्यांना मी सांगतो की ठरावात "त्यासंबंधी केलेल्या नियमांप्रमाणे" हे शब्द पण होते. मला बंदुका स्वस्त किंवा सोप्या करायच्या नाहीत. माझ्या मोजमापाने .३५७ मॅग्नम आजच्यापेक्षा वरच्या कप्प्यात जाईल, कारण ती खिशात लपते आणि जोरात मारते. पुन्हा न भरता किती गोळ्या सुटतात, किती वेगाने, कपड्याखाली लपते का, गोळीत ताकद किती, खाली पडली तर आपोआप उडते का, नंबर आणि प्रूफ मार्क आहे का, एवढे प्रश्न विचारले तर काकांची ठासणी सगळ्यात खाली येते आणि सहा गोळ्यांची रिव्हॉल्वर तिच्या कितीतरी वर. आज दोन्ही कॅटेगरी तीनमध्ये आहेत, आणि २०१९ नंतर माणशी दोनच बंदुका असा नियम आलाय त्यात दोन्ही एक एक म्हणून धरल्या जातात.

निवडणुकीतही तेच. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्येच सांगितलंय की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेऊ नका, कुणाची घ्यायची ते एकेक बघून ठरवा, त्यासाठी स्क्रीनिंग कमिटी आहे. पण बघून ठरवायचं तर हातात काहीतरी माप पाहिजे ना, आणि यादीत फक्त परवान्याचा नंबर आणि बोअर असेल तर कमिटी काय बघणार, सगळ्यांना नोटीस काढून मोकळी होते.

सुरुवात करायची तर फॉर्मपासून करा. एफआयआर, पंचनामा, जमा पावती, तिन्हीत बोअरच्या आधी एक रकाना टाका, हत्यार कसं चालतं: ठासणी, एक गोळी, बोल्ट, सिलिंडर, सेमी ऑटो, ऑटो, देशी. आणि शेजारी "लॅब रिपोर्टनंतर पक्कं" अशी जागा ठेवा म्हणजे तोवर कुणी चौदा वर्षांचं कलम अंदाजाने लावणार नाही. याला संसद लागत नाही, खात्याच्या परिपत्रकाने होण्यासारखं आहे. शेड्यूल बदलायला दिल्लीच लागेल आणि तिथे वेळ जाईल हे मला माहीत आहे.

काकांच्या बंदुकीचं म्हणाल तर परवान्याची झेरॉक्स, आजोबांच्या नावाची जुनी नोंद, माझं एक पत्र असं सगळं देऊन ती जूनच्या शेवटी मिळाली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परत जमा, नेमकं भात कापणीला आलेलं. डुकरं रात्री आली, काकी डबा वाजवत बांधावर उभी राहायची. निकाल २३ नोव्हेंबरला लागला, बंदूक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आली तेव्हा कापणी होऊन गेली होती, जेवढं उरलं होतं तेवढ्याची. नव्या पावतीवरही १२ बोअरच लिहिलंय, दुरुस्तीचा अर्ज मी टाकलाय.